लिंक न दाबताही फोन हातचा जातो

‘लिंक दाबली नाही तर फोन हॅक होऊच शकत नाही. कर्नलमधल्या त्रुटींच्या बातम्या कंपन्याच पसरवतात, म्हणजे तुम्ही अपडेट करता, जुना फोन स्लो होतो आणि नवा घ्यावा लागतो. ऑटो-अपडेट आजच बंद करा.’ असा एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्यात आणखीही दावे आणि सल्ले आहेत, ते पुढे एकेक करून घेतो. खाली सही ‘सायबर तज्ज्ञ’, नाव नाही. असल्या गोष्टींकडे मी काणाडोळा करतो. पण माझ्या मावशीने तो वाचून खरोखरच अपडेट बंद केले, वर मलाही धाडला, ‘तूही करून टाक’ म्हणून. तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

आधी लिंकचं बघू. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या अ‍ॅपला कॅमेरा मिळेल, कोणी कोणाच्या फाइलला हात लावायचा नाही, या सगळ्यावर शेवटचा पहारा त्याचा. वाय-फायवरून आलेला डेटा वाचायचं कामही बरंचसं तिथेच, ड्रायव्हरमध्ये (वाय-फायचं हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) चालतं. हवेतून आलेलं डेटाचं प्रत्येक पुडकं (पॅकेट) आधी वाचून मगच ठरतं की ते आपल्या कामाचं आहे की नाही. स्क्रीनवर काही येत नाही, ‘परवानगी द्यायची का?’ असं कोणी विचारत नाही. त्या वाचनाच्या कोडमध्येच चूक असेल तर दाबायला लिंक लागते कुठे?

हे कल्पनेतलं नाही. गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या त्रुटी शोधणाऱ्या गटातल्या इयन बिअर यांनी डिसेंबर २०२० मध्ये असा हल्ला प्रत्यक्ष करून दाखवला आणि पायरी न् पायरी लिहून काढला. अ‍ॅपलची उपकरणं एअरड्रॉपने फाइली पाठवताना एकमेकांशी थेट बोलतात, त्या एडब्ल्यूडीएल नावाच्या प्रोटोकॉलच्या (बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) कोडमध्ये चूक होती. चूक तरी कसली? आलेला डेटा ठरलेल्या जागेत मावतो की नाही हे नीट न तपासता कर्नल तो भरत होता. बफर ओव्हरफ्लो, पाठ्यपुस्तकातला. व्हिडिओत आयफोन ११ प्रो दुसऱ्या खोलीत आहे, मधलं दार बंद, फोनवर यूट्यूब चालू आहे. काही मिनिटांत फोनमधला सगळ्यात ताजा फोटो बाहेर येतो. एडब्ल्यूडीएल बंद असेल तर ब्लूटूथवरून ते जागं करायची युक्तीही त्यांनी शोधली होती. सामान काय, तर रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि वाय-फाय अ‍ॅडाप्टर. लॉकडाऊनमध्ये, बेडरूमच्या कोपऱ्यात, आजूबाजूला पोरांचा आरडाओरडा चालू असताना एकट्या माणसाने सहा महिन्यांत हे केलं. आता सांगा, इथे आयफोनवाल्याने नेमकं काय दाबायला नको होतं?

‘असले हल्ले मोठ्या लोकांवरच होतात.’ यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. असा हल्ला तयार करणं महागडं काम आहे आणि तो सहसा निवडक माणसांवर खर्च होतो. बिअर यांच्या त्रुटीचा कोणी गैरवापर केल्याचा पुरावा त्यांनाही मिळाला नव्हता. तुमच्या-आमच्यासारख्यांना गंडवणारे आजही बहुतांशी फसव्या लिंका आणि ओटीपीवरच पोट भरतात, त्यामुळे लिंक दाबू नका हा सल्ला चांगलाच आहे. पण दोष किती गंभीर आणि तो तुमच्यावर वापरला जाण्याची शक्यता किती, ही दोन वेगळी मापं आहेत. दुसरं लहान आहे म्हणून पहिलं शून्य होत नाही. शिवाय दुसरं कायम लहानच राहील असंही नाही, आणि ते वाढवण्याचा हमखास उपाय या फॉरवर्डमध्येच दिलाय.

तो म्हणजे ‘अपडेट बंद करा’. इथे मात्र माझं डोकं फिरतं. पॅच, म्हणजे त्रुटी दुरुस्त करणारं अपडेट, आला की जाणकार माणूस जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवतो. काय बदललं हे दिसलं की चूक कुठे होती हेही कळतं. म्हणजे ज्या दिवशी पॅच येतो त्या दिवसापासून तो न घेणारा फोन आधीपेक्षा जास्त उघडा पडतो. कालपर्यंत ती त्रुटी मोजक्यांना ठाऊक होती, आज शोधायची तयारी असलेल्या कोणालाही सापडते. अ‍ॅपलने वरची चूक मे २०२० मधल्या आयओएस १३.५ च्या आधीच दुरुस्त केली होती. बिअर यांनी सविस्तर लिहिलं ते डिसेंबरमध्ये. मधल्या काळात ज्यांनी या तज्ज्ञांचा सल्ला पाळला असेल, त्यांच्या फोनमधल्या भोकाचा सगळा तपशील डिसेंबरनंतर जगजाहीर होता.

फोन स्लो होतो म्हणता? बरं, बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग आपण कमी करत होतो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं होतं. तेवढं तुमचं खरं. त्यावरून कर्नलच्या त्रुटी खोट्या कशा ठरतात, ते मात्र फॉरवर्डमध्ये नाही.

‘हल्लेखोराला जवळ यावं लागतं.’ वाय-फायच्या बाबतीत, हो. पण मार्च २०२३ मध्ये प्रोजेक्ट झीरोनेच सॅमसंगच्या एक्सिनॉस मोडेमांमधल्या (फोनला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपमधल्या) १८ त्रुटी जाहीर केल्या. त्यातल्या चार अशा, की हल्लेखोराकडे फक्त तुमचा फोन नंबर असला तरी पुरे. तो दोष मोडेममधला, कर्नलमधला नव्हे, पण अंतराचं कारण तिथे निकालात निघतं.

‘व्हॉट्सअ‍ॅप एनक्रिप्टेड आहे.’ असेल की. कर्नलच ताब्यात गेला तर मेसेज तुमच्यासाठी उलगडल्यावर हल्लेखोरही वाचतो. ‘अँटिव्हायरस अ‍ॅप टाका.’ ते अ‍ॅपही इतरांसारखंच कर्नलच्या पहाऱ्यात कोंडलेलं असतं, ते कर्नलला काय तपासणार!

राहता राहिला ‘रोज रीस्टार्ट करा’. हा एक सल्ला बरा आहे. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या, आयफोनच्या आयमेसेजमधून झालेल्या हल्ल्यातलं मालवेअर रीस्टार्टनंतर टिकत नव्हतं. मात्र त्याच तपासात काही फोन रीस्टार्टनंतर पुन्हा बाधित झाल्याच्या खुणाही मिळाल्या होत्या. तेव्हा रीस्टार्ट करा, आणि अँड्रॉइड असेल तर सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीखही बघा. ती कित्येक महिने जुनी असेल तर आधी ऑटो-अपडेट चालू करा, फॉरवर्ड नंतर वाचता येईल.