म्हातारा स्टार घ्याच, बिल पुढचा जीएम भरेल

समजा तुम्ही एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) एखाद्या टीमचे जीएम, म्हणजे खेळाडू आणणारे-विकणारे जनरल मॅनेजर आहात, फेब्रुवारीतली ट्रेड डेडलाइन (खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख) तोंडावर आलीये, टीम धड वर नाही धड खाली नाही, मालक रोज रात्री फोन करून "काहीतरी करा राव" म्हणतोय, आणि तेवढ्यात बातमी फुटते की कुठलातरी 36 वर्षांचा माजी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब मिळालेला) सध्याच्या टीमला कंटाळलाय. अभिनंदन! आता अजिबात विचार करत बसायचं नाही, विचार करणारे जीएम डेडलाइनच्या दिवशी टीव्हीवर दिसत नाहीत.

पहिलं काम, त्याचे हायलाइट्स बघा. बघताना खालची तारीख बघायची नाही. तो डंक 2014 चा आहे का 2016 चा याच्याशी आपल्याला काय करायचंय, माणूस तोच आहे ना. आणि हायलाइट्सची एक मोठी सोय अशी की त्यात डिफेन्सला परत पळतानाचा शॉट कधीच नसतो, पिक अँड रोलमध्ये 22 वर्षांचा पोरगा बाजूनं सुळकन निघून गेला आणि आपला महान खेळाडू दोन्ही हात वर करून रेफ्रीकडे बघत उभा राहिला, हे कोण एडिट करून टाकणार? म्हणजे तुम्हाला जे दिसतं ते सगळं चांगलंच दिसतं. मालकालाही तेच पाठवा. मेल्या म्हशीला मणभर दूध असतंच, फक्त आपण ती म्हैस खरेदी करतोय, एवढाच काय तो फरक.

तुमच्या ऑफिसात एक आकडेवाला पोरगा असेल, लॅपटॉप घेऊन येईल आणि वयाचा कर्व्ह वगैरे दाखवेल. त्याला म्हणावं, अनुभव एक्सेलमध्ये बसत नाही. गप्प बसतो.

आता किंमत. दहा सीझन झालेल्या खेळाडूला कॅपच्या (टीमच्या एकूण पगारासाठी लीगनं आखलेली मर्यादा) 35 टक्क्यांपर्यंत पगार देता येतो, म्हणजे हा एकटाच तुमच्या कॅपचा तिसरा हिस्सा खाऊन बसणार, आणि टीम कॅपच्या वर असेल (असणारच, तुम्ही आहात ना) तर जवळपास तेवढ्याच पगाराची माणसं समोर पाठवावी लागतात. मग कोण जातं? जो रोज समोरच्या टीमच्या सगळ्यात डेंजर माणसाला गार्ड करतो, कोपऱ्यातून गपचूप थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारतो, 82 पैकी 82 मॅच खेळतो आणि ज्याची जर्सी त्याच्या घरचे सोडून कोणी घेत नाही, तो जातो. त्याला खुशाल द्या. त्याचं नाव स्टेडियमच्या अनाउन्सरला पण नीट येत नाही. शिवाय लीग आणि खेळाडूंच्या 2023 च्या करारापासून सेकंड एप्रन नावाची नवीन भानगड (पगारबिलावरची, कॅपच्याही बरीच वरची रेषा) आलीये, त्या रेषेच्या वर गेलात की दोन-तीन पगार एकत्र बांधून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, म्हणजे ही चूक एकदा केली की दुरुस्त करायची वाट लीगनंच बंद केलेली असते. याचा फायदा असा की नंतर कोणी "आता काहीतरी करा" म्हणालं तर तुम्ही प्रामाणिकपणे हात वर करू शकता.

एवढ्यानं भागत नाही, वर फर्स्ट राउंड पिक्स पण द्यावे लागतात, म्हणजे दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडायचा हक्क (टीम जितकी रद्दी, तितका साधारण वरचा नंबर). इथे स्टेपियन रूल आडवा येतो. 1980 च्या आसपास क्लीव्हलंडला टेड स्टेपियन नावाचे मालक होते, त्यांच्या काळात पिक्स असे उधळले गेले (क्लीव्हलंडनं त्यांच्या जरा आधीच देऊन टाकलेल्या एका पिकवर लेकर्सनं 1982 साली पहिल्या नंबरवर जेम्स वर्दी उचलला, आणि तेव्हा लेकर्स चॅम्पियन होते बरं का) की शेवटी लीगला नियम करावा लागला, पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत फर्स्ट राउंड पिक नाही असं करता येणार नाही. कसला दानशूर माणूस, अख्खा नियम नावावर. पण घाबरू नका, एक वर्ष सोडून एक पिक द्यायचा आणि मधल्या वर्षाला "स्वॅप" द्यायचा, म्हणजे पिक तुमच्याकडे असतो पण चांगला निघाला तर त्यांचा आणि वाईट असेल तो तुमचा. कायद्यात बसतं. टॉप थ्री प्रोटेक्शन (पिक पहिल्या तीन नंबरांत निघाला तर आपल्याकडेच राहील ही अट) वगैरे मागत बसू नका, समोरच्याला वाटेल तुम्हाला स्वतःच्याच ट्रेडवर भरोसा नाही.

या शास्त्रातला सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे 2013 चं ब्रुकलिन. केविन गार्नेट 37 वर्षांचा, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी दोघं पस्तिशीत, आणि त्या बदल्यात बॉस्टनला 2014, 2016 आणि 2018 चे फर्स्ट राउंड पिक्स, आणि 2017 चा स्वॅप. बघा, एक सोडून एक, मध्ये स्वॅप, अगदी पुस्तकी काम. कोच म्हणून आणला जेसन किड, जो स्वतः त्याच जूनमध्ये रिटायर झाला होता. त्या सीझनचा लक्झरी टॅक्सच (पगारबिल फार वाढलं की लीगला भरायचा दंड) सुमारे 9 कोटी डॉलर झाला, आणि गार्नेटनं मॅचमागे साडेसहा पॉइंट काढले. टेरी तर फेब्रुवारीतच सॅक्रामेंटोला.

लोक याला फसलेला ट्रेड म्हणतात, पण 4 मे 2014 ची प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) पहिल्या फेरीतली ती सातवी, निर्णायक मॅच कोणी बघत नाही. टोरांटोमध्ये, स्कोअर 104-103, शेवटचे काही सेकंद, काइल लावरी गर्दीतून घुसून बॉल वर फेकतो आणि आपला 36 वर्षांचा पिअर्स मध्ये येऊन हात लावतो. ब्लॉक. मॅच संपली, ब्रुकलिन पुढच्या फेरीत. त्या एका हातासाठी काय मोजलं असं विचारणं हा कोतेपणा झाला, तरी पण विचारलंतच म्हणून सांगतो. 2016 चा पिक निघाला तिसरा, त्यावर बॉस्टननं जेलन ब्राउन घेतला. 2017 ला ब्रुकलिन लीगमधली सगळ्यात रद्दी टीम होती, त्यामुळे स्वॅपमध्ये बॉस्टनला थेट पहिला नंबर मिळाला, तो त्यांनी फिलाडेल्फियाला देऊन तिसऱ्यावर येऊन जेसन टेटम घेतला. 2018 चा पिक कायरी अर्विंगच्या ट्रेडमध्ये वापरला. ब्राउन आणि टेटमनं 2024 ला टायटल जिंकलं, ब्राउन फायनल्सचा एमव्हीपी. म्हणजे बॉस्टनला चॅम्पियनशिप मिळाली आणि ब्रुकलिनला ब्लॉक मिळाला, दोघंही खूश. पुढच्या फेरीत मायामीनं 4-1 नं घरी पाठवलं ते जाऊ द्या, तोपर्यंत ब्लॉकचा व्हिडिओ तयार झाला होता.

आणि यातली तुमच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या जीएमनं हा ट्रेड केला त्याला जानेवारी 2016 मध्ये खुर्चीवरून बाजूला केलं. तो तिसऱ्या नंबरचा पिक बॉस्टनच्या खिशात पडला त्याच जूनमध्ये. समजलं का? पिकचं बिल यायला तीन-चार वर्षं लागतात आणि जीएमची नोकरी साधारण तेवढीच टिकते. प्रेस कॉन्फरन्स तुमची, जर्सी हातात धरून फोटो तुमचा, आणि रिकाम्या ड्राफ्टच्या रात्री घरी बसून लोकांच्या शिव्या खायला तुमच्या जागी आलेला नवीन माणूस. तुमचं स्वतःचं पोरगं आजारी असेल तर एवढ्या लांबचं बघाल, पण टीमचं भविष्य म्हणजे दुसऱ्याच्या नावावरचं कर्ज, सही करायला हात कशाला थरथरायला पायजे.

आता जरा नॅशची गोष्ट, कारण ती ऐकली की तुम्हाला हा धंदा किती पर्यावरणपूरक आहे ते कळेल, काहीच वाया जात नाही. 2012 च्या उन्हाळ्यात लेकर्सनं 38 वर्षांचा स्टीव्ह नॅश फिनिक्सकडून घेतला, दोन फर्स्ट राउंड पिक्स आणि दोन सेकंड राउंड देऊन. दुसऱ्याच मॅचला पोर्टलंडमध्ये डेमियन लिलार्ड त्याला धडकला, पायाचं हाड मोडलं, 24 मॅच बाहेर. लिलार्ड तेव्हा रुकी, करिअरची पहिलीच मॅच खेळत होता, अनुभव नसला की असं होतं बघा. तीन सीझनच्या करारात नॅश एकूण 65 मॅच खेळला, शेवटच्या सीझनला शून्य. मार्च 2015 ला तो रिटायर झाला, पण त्याच्यासाठी दिलेला दुसरा पिक प्रोटेक्शनमुळे पुढे सरकत सरकत 2018 पर्यंत चालत राहिला, खेळाडूपेक्षा पिकच जास्त टिकाऊ निघाला. दहावा नंबर. मधल्या काळात तो फिनिक्सकडून फिलाडेल्फियाकडे गेला होता, त्यांनी त्यावर मिकाल ब्रिजेस निवडला आणि त्याच रात्री फिनिक्सलाच देऊन टाकला. हा ब्रिजेस म्हणजे तोच वर सांगितलेला प्रकार, डिफेन्स करतो, थ्री मारतो, एकही मॅच चुकवत नाही.

मग फिनिक्सनं काय केलं? जपून ठेवला? छे. फेब्रुवारी 2023 मध्ये 34 वर्षांच्या केविन ड्युरंटसाठी ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर, वर 2023, 2025, 2027, 2029 चे पिक्स, वर 2028 चा स्वॅप, सगळं ब्रुकलिनला. एक सोडून एक, मध्ये स्वॅप. म्हणजे एका म्हाताऱ्याला विकून जे मिळालं ते दुसऱ्या पिकत चाललेल्या माणसावर घातलं, आणि विकणारं दुकान कुठलं, तर ब्रुकलिन, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी स्वतः मार खाऊन हे गणित शिकलं होतं. (त्यांनी नंतर 2024 ला तोच ब्रिजेस न्यूयॉर्क निक्सला विकून आणखी पाच फर्स्ट राउंड पिक्स काढले. शाळेत नापास झालेला पोरगा पुढे क्लास काढतो तसं.)

ड्युरंट फिनिक्सच्या घरच्या पहिल्या मॅचला वॉर्मअपमध्येच पाय घसरून पडला, मॅच सुरू व्हायच्या आधी. अख्खं स्टेडियम नव्या जर्सी घालून बसलेलं. तरी खरं सांगायचं तर त्याला दोष देता येणार नाही, पुढच्या सीझनला माणूस 75 मॅच खेळला, मॅचमागे 27 पॉइंट काढले. प्रॉब्लेम तो नव्हताच, प्रॉब्लेम हा होता की तो पास द्यायला बघायचा तेव्हा समोर कोण होतं. ज्यांना पास द्यायचा ते सगळे त्याच्याच बदल्यात गेले होते. 2024 ला पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून 4-0, आणि 2024-25 ला लीगमधलं सगळ्यात मोठं पगारबिल भरून 36 विजय, 46 पराभव, प्लेऑफ पण नाही.

हे सगळं कोणी तुमच्या तोंडावर फेकलं तर उत्तर तयार ठेवा. म्हणा 1995 चं ह्यूस्टन. क्लाइड ड्रेक्सलर 32 वर्षांचा, फेब्रुवारीत आणला, टीम प्लेऑफमध्ये सहाव्या सीडवर (क्रमांकावर), आणि टायटल. म्हणा 2020 चा ख्रिस पॉल, 35 वर्षांचा, फिनिक्सला आला आणि पहिल्याच सीझनला फायनल. दोन्ही शंभर टक्के खरं आहे. फक्त हे सांगू नका की ह्यूस्टनकडे आधीच हकीम ओलाजुवान होता आणि ते आदल्या वर्षीचे चॅम्पियन होते, किंवा फिनिक्सकडे तेव्हा बुकर, एटन आणि (हो, तोच) ब्रिजेस होते, म्हणजे घर बांधून झालं होतं, फक्त दार बसवायचं होतं. तुमच्याकडे भिंती नाहीत, पण दार लय भारी येतंय, मग काय झालं? आणि तोच ओलाजुवान 2001 ला 38 व्या वर्षी पिक्स देऊन टोरांटोनं घेतला आणि मॅचमागे 7.1 पॉइंट मिळाले, हा विषय तर काढूच नका.

ट्रेड झाल्यावर इंज्युरी रिपोर्टची भाषा शिकून घ्या. डावा गुडघा, "मॅनेजमेंट". उजवी पोटरी, "मॅनेजमेंट". टीमचं मॅनेजमेंट सोडून सगळ्या अवयवांचं मॅनेजमेंट चालू राहतं. या बाबतीत सॅन अँटोनियोइतकी सचोटी दाखवू नका, मार्च 2012 मध्ये त्यांनी टिम डंकनला बसवलं आणि अधिकृत कारण लिहिलं "म्हातारा". खरंच, बॉक्स स्कोअरमध्ये तसंच छापून आलं होतं. त्यांना परवडतं, त्यांच्याकडे तेव्हा चार टायटल्स होती.

मैदानावर काही झालं नाही तर लॉकर रूम आहेच. "पोरांना शिकायला मिळतंय" हे वाक्य दर आठवड्याला एकदा म्हणायचं. शिकणारी चांगली पोरं आपण ट्रेडमध्येच पाठवलीत हे पत्रकारांच्या लक्षात यायला दोन महिने लागतात. आंद्रे इग्वोडाला 2019 ला मेम्फिसला ट्रेड झाला तेव्हा तर तो तिथं एक मॅच खेळला नाही, प्रॅक्टिसलाही आला नाही. पण मेम्फिसनं मात्र त्याला घेण्याबद्दल उलट समोरच्याकडूनच पिक घेतला होता आणि फेब्रुवारीत त्याला मायामीला पाठवून दिलं. असले हिशोबी लोक आपल्या लाइनीत येऊच नयेत, सगळ्यांचे भाव खराब करतात.

आणि तरीही दोन सीझननंतर मालकानं विचारलंच, की याचं आता काय करायचं, तर घाबरायचं नाही, फोन उचलायचा. फिनिक्सनं 2025 च्या उन्हाळ्यात ड्युरंट 36 चा असताना ह्यूस्टनला दिलाच ना, एक 23 वर्षांचा गार्ड, एक डिफेन्सवाला आणि दहाव्या नंबरचा पिक घेऊन (परत दहावाच, काय योगायोग). गिऱ्हाईक असतंच. फोनवर म्हणायचं, तब्येत एकदम ठणठणीत आहे, फक्त बॅक टू बॅक (लागोपाठ दोन दिवस मॅच) नको, विमानात पुढची सीट लागते, आणि हायलाइट्स मी लगेच पाठवतो. तारीख क्रॉप करून पाठवा.