कंस रंगले म्हणून उडीची गरज संपत नाही

‘एडिटर आता कंसांच्या जोड्या आपोआप रंगवतो. जोडीवर उडी मारायचं सेटिंग करत बसणं ही जुन्या लोकांची हौस. टॅगवर ते चालतही नाही, आणि चूक असलीच तर टूल सांगतंच.’ हा मजकूर मला तिघांनी पाठवला. उडी म्हणजे एका कंसावरून कर्सर थेट त्याच्या जोडीच्या कंसावर नेणं. नव्याने शिकणारे तो खरा धरून चालतात, याचं मला वाईट वाटतं.

आधी रंगांचं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ही सोय २०२१ पासून अंगभूत आहे, चांगली आहे, मीही वापरतो. पण रंग दिसतो तो पडद्यावर मावेल तेवढ्याच कोडचा. तीनशे ओळींच्या फंक्शनचा शेवटचा } समोर असतो, तेव्हा त्याचा { केव्हाच वर सरकून गेलेला असतो. विम या कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरमध्ये % दाबा, तिथे पोचाल. पुन्हा दाबा, परत याल. शिवाय % दुसऱ्या आज्ञेला जोडता येतं. ( वर कर्सर ठेवून ‘डी’ आणि मग % दाबलं की कंस आतल्या मजकुरासकट उडतो, ‘डी’च्या जागी ‘वाय’ घेतलं की कॉपी होतो. हेच माउसने निवडायला गेलं की एखादा कंस हमखास जास्तीचा येतो.

टॅगवर, म्हणजे एचटीएमएल पानातल्या डिवसारख्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खुणांवर, चालत नाही, हे अर्धवट माहितीतून आलंय. विमचं नुसतं % कंसांपुरतं, सी भाषेतल्या कॉमेंट आणि #इफ-#एंडइफसारख्या जोड्यांपुरतं आहे, हे खरं. टॅगसाठीचं मॅचइट हे प्लगइन (जोड-सोय) मात्र विमसोबतच येतं. विम ८ पासून विमआरसी या सेटिंगच्या फाइलीत ‘पॅकअ‍ॅड! मॅचइट’ ही एक ओळ आणि ‘फाइलटाइप प्लगइन ऑन’ एवढं पुरतं. निओविम या विमच्या नव्या अवतारात ते चालूच असतं. गोंधळ होतो तो कर्सरच्या जागेवरून: एचटीएमएलमध्ये डिव टॅगच्या < वर असाल तर % त्याच टॅगच्या > वर नेतं, ‘डिव’ या नावावर असाल, तरच बंद होणाऱ्या डिववर. बरेच जण < वरच दाबून बघतात आणि नाद सोडतात. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-\ कंसांसाठी आहे; टॅगसाठी त्यातल्याच एमेट या सोयीची ‘गो टू मॅचिंग पेअर’ आज्ञा आहे, तिला आपल्या सोयीची कळ बांधून घ्यावी.

टूल चूक सांगतं? कंपाइलर ओरडतो, पण कंस राहिला मध्येच कुठेतरी आणि बोट फाइलच्या शेवटी, असं कितीदा होतं. ब्राउझर तर गप्पच बसतो. न मिटलेला डिव स्वतःच्या अंदाजाने मिटवतो आणि पान दाखवतो. एका पानाची तळपट्टी बाजूच्या रकान्यात घुसली होती. तासभर मी स्टाइलशीट चाळत होतो. शेवटी रकान्याच्या डिववर % दाबलं, तर कर्सर तळपट्टीच्याही खाली जाऊन थांबला. आतला एक डिव मिटलेलाच नव्हता.

मोठ्या फाइलीत एडिटर मंदावतो, अशीही तक्रार त्याच मजकुरात आहे, आणि ती रास्त आहे. पण विममध्ये तो भार काही वेळा जोडी सतत उजळवत राहणाऱ्या मॅचपॅरेन या प्लगइनचा असतो. ‘:नोमॅचपॅरेन’ दिलं की ते थांबतं, % चालूच राहतं.