बंद शेडचा कायापालट कसा करावा

वडगावात यंत्रमागाची बंद पडलेली शेड दिसली की हळहळत बसू नका. आधी कमिटी काढा. (समिती म्हणू नका, बेळगावात आहात; लोकांना एकीकरण समिती वाटेल.) कमिटीत मागावर कधीच न बसलेली माणसं घ्या. मागवाले उद्घाटनाला टाळ्या वाजवायला लागतातच की.

मग पडद्यावर जर्मनी दाखवा. डुइसबर्गचा 1985 साली बंद पडलेला लोखंडाचा कारखाना, त्याचं झालेलं उद्यान, गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरून सूर मारायला शिकणारी माणसं. तो कारखाना पाडू नये म्हणून तिथले रहिवासी भांडले होते, ही स्लाइड मात्र भराभर पुढं ढकला.

बोर्ड कुठल्या भाषेत, यावर चार बैठका घ्या. छप्पर गळू दे.

उद्यमबागच्या फाउंड्रीतली, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातली, वापरलेली वाळू पेव्हर ब्लॉकमध्ये घालता येते. तुम्ही ग्रॅनाइटच बसवा.

आता जुन्या वस्तू. त्या लोकांकडून फुकट मागाव्यात. माझ्याकडं मागितल्या तशा. आजोबांचा हातमाग सुटा करून माळ्यावर ठेवला होता. "जोडू, पोरांना चालवून दाखवू," कमिटीवाले म्हणाले, म्हणून टेम्पोचं भाडंही मीच दिलं. गेल्या रविवारी उद्घाटनाला गेलो. मागाच्या लाकडांची सेल्फीसाठी चौकट केलेली. फणी भिंतीवर, तीही उलटी. आणि सूत घेऊन मागावर इकडनं तिकडं पळणारे धोटे? मधोमध भोक पाडून त्यातनं बल्ब लोंबकळत होते! चाळीस वर्षं सुतावरनं पळून गुळगुळीत झालेलं लाकूड, त्याला ड्रिल मारलं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा जन्म कांड्या भरण्यात गेलाय. त्या वर बघत म्हणाल्या, "कुणी केलंय ओ हे?" एक पोरगा हसून म्हणाला, "आजी, याला अपसायकलिंग म्हणतात."

अपसायकलिंग म्हणे, टाकाऊतनं टिकाऊ! चालणारा माग मोडलात तुम्ही. शेडमागं गंजत पडलेल्या भंगाराला हात लावला नाहीत, कारण ते उचलायला कष्ट पडतात. माग जोडणारी माणसं त्याच गल्लीत राहतात, दोन घरं सोडून. त्यांना हाक मारायला तोंड नव्हतं? आणि भाषणात म्हणता, लोकांनी उभं केलं. कुठल्या लोकांनी? मावशींना तर बसायला खुर्चीसुद्धा दिली नाहीत.

धोटे उतरवा आणि घरी आणून द्या. टेम्पोचं भाडं या वेळी तुम्ही भरा. बल्ब ठेवा तुमच्याकडं.