साक्ष आधी घरी

साक्ष देण्याबद्दल, म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते इतरांना सांगण्याबद्दल, बरेच दिवस मनात आहे, ते आज लिहिते. प्रभू माणसाला भेटतो आणि माणूस मुळापासून बदलतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच मला वाटतं, चर्चमधल्या मंडळीसमोर साक्षीला उभं राहण्याआधी ती गोष्ट घरच्यांना सांगून झालेली असावी.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला, गरसेकरांच्या प्रदेशातला भुतांनी पछाडलेला माणूस आठवा. कबरांमध्ये राहायचा, साखळ्या तोडायचा, रात्रंदिवस ओरडत स्वतःला दगडांनी ठेचून घ्यायचा. येशूने त्याला मोकळं केलं. त्या दिवशी येशूकडे तीन विनंत्या झाल्या. भुतांनी डुकरांमध्ये जाऊ देण्याची विनंती केली, ती मान्य झाली. गावकऱ्यांनी आमच्या हद्दीतून निघून जा म्हटलं, तेही त्याने ऐकलं. बऱ्या झालेल्या माणसाने मात्र फक्त 'मला तुझ्याबरोबर राहू दे' एवढंच मागितलं, आणि त्यालाच नकार मिळाला. घरी जा, आपल्या माणसांना सांग, असं येशू म्हणाला.

हा नकार मी कितीदा वाचला असेल, तरी दर वेळी थांबते. येशूबरोबर होडीत बसून गेला असता तर प्रत्येक नव्या गावात लोकांनी त्याचं कौतुकाने ऐकलं असतं. घरी तसं नव्हतं. तिथे त्याचं ओरडणं सगळ्यांना पाठ होतं. तो खरंच बदललाय का, हे ते रोज पाहणार होते.

माझ्या आईने मंडळीत कधी साक्ष दिली नाही. ती फार रागीट होती. हळूहळू ती उत्तर देण्याआधी थांबायला लागली, आवाज उतरला. शेवटी मीच तिला विचारलं, काय झालंय तुला? तेव्हा तिने सांगितलं. माझा विश्वास तिथून सुरू झाला.

गप्प राहणाऱ्यांनाही मी कमी लेखत नाही. फ्रेंच गणितज्ञ आणि विचारवंत पास्कालला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री देवाचा अनुभव आला. तो त्याने लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ मध्ये तो गेल्यावर तो लेख सापडला. काही भेटी इतक्या खोल असतात की लगेच शब्द सापडत नाहीत. नव्या विश्वासणाऱ्याच्या हातात आठवड्याभरात माईक देण्याची घाई म्हणूनच मला पटत नाही. येशू ज्याच्या घरी गेला त्या जक्कय नावाच्या जकातदारानेही भेटीचं वर्णन केलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत, एवढंच बोलला. ज्यांचे पैसे परत आले, त्यांना वेगळं प्रवचन कशाला हवं होतं?

तो गरसेकरांकडचा माणूस पुढे दकापलीसभर, म्हणजे तिथल्या दहा नगरांच्या प्रदेशात, सांगत फिरला. सातव्या अध्यायात येशू पुन्हा त्या भागात येतो. या वेळी त्याला कोणी निघून जायला सांगत नाही. लोक एका बहिऱ्याला घेऊन येतात आणि याच्यावर हात ठेव म्हणून विनवतात. मधल्या काळात तिथे काय घडलं, हे मार्क सांगत नाही. मला मात्र त्या घरी पाठवलेल्या माणसाचीच आठवण येते.