भाचा तक्रार द्यायला गेला होता

संध्याकाळपासून कशात लक्ष लागत नाहीये, म्हणून लिहितेय. लांबलचक होणार आहे, वाचायचं तर वाचा.

माझा भाचा १७ वर्षांचा. दुपारी बसमध्ये त्याचा फोन कुणीतरी मारला. पोरगं घाबरलं नाही. मित्राच्या मोबाईलवरून सिम बंद करून घेतलं, घरी आईला फोन करून खोक्यावरचा १५ आकडी आयएमईआय नंबर वाचून घेतला, वहीच्या पानावर लिहिला आणि मित्राला सोबत घेऊन थेट पोलीस चौकी गाठली. आपणच शिकवलं ना लहानपणापासून, काही झालं तर पोलिसांकडे जायचं? तो गेला.

तिथे पहिला प्रश्न काय, तर "फोन तुझाच होता कशावरून?" दुसरा, "कॉलेज बुडवून कुठे भटकत होतास?" मग मित्राचा मोबाईल मागून घेतला आणि त्यातले फोटो चाळायला सुरुवात. मित्राचा! ज्याचं काही हरवलंच नव्हतं. केस जरा लांब आहेत त्याचे, एवढाच त्याचा गुन्हा. त्याने "कशासाठी बघताय?" विचारलं, तर "जास्त शहाणपणा करू नकोस." दीड तास दोघांना बाकावर बसवून ठेवलं. घरी कळवू दिलं नाही. शेवटी "जा, उद्या बिल घेऊन ये." तक्रार लिहिलीच नाही. वहीचं पान खिशातच राहिलं.

"बसवून ठेवलं." किती साधा शब्द आहे हा! अटक नाही, चौकशी नाही, कागदावर कुठे नोंद नाही. पोरांचा दीड तास गेला तो गेलाच, आणि उद्या कुणी विचारलं तर असं काही घडलंच नव्हतं.

मी १६ वर्षांची असताना माझी सायकल चोरीला गेली होती. बाबा बाहेरगावी होते, मी एकटीच चौकीत गेले. पाय लटपटत होते. तिथल्या हवालदारकाकांनी खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बस. सावकाश सांग, मी लिहितोय." रंग विचारला, उंची विचारली. मग विचारलं, "घंटी कशी होती?" घंटीचा टवका उडालेला होता, भावाने आपटली होती. तेही त्यांनी लिहिलं. मग सगळं वाचून दाखवलं आणि "बरोबर आहे ना?" असं मला विचारलं. मला! सोळा वर्षांच्या मुलीला!

सायकल सापडली नाही. पण तीन वर्षांनी एका रात्री एक माणूस बराच वेळ मागे मागे येत होता, तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही, पाय आपोआप त्याच चौकीकडे वळले. आज माझ्या भाच्यावर तशी वेळ आली तर त्याचे पाय वळतील? त्याला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग ते तरुणाईशी मैत्रीचे कार्यक्रम! फुटबॉलचे सामने, एकसारखे टी-शर्ट, व्याख्यान, फोटो. मला चीड येते. सकाळी पोरांसोबत सामना खेळणाऱ्या पोलिसाने रात्री गाडीची काच खाली करून "ए, इकडे ये" म्हणून बोलावलं, तर त्या सामन्याचा काय उपयोग? मैत्री नकोच आहे पोरांना. कशासाठी थांबवलंय ते सांगा. त्याचं म्हणणं पुरतं ऐका. चूक निघाली नाही तर "जा बाबा, तुला उगाच त्रास झाला" एवढं म्हणा. याला ना निधी लागतो ना मैदान.

जपानमध्ये वस्तीवस्तीत छोट्या चौक्या असतात, कोबान म्हणतात त्यांना. पत्ता विचारायला, हरवलेली वस्तू शोधायला लोक तिथे जातात. लहान मुलं रस्त्यात सापडलेलं नाणंसुद्धा तिथे नेऊन देतात. पोलिसाची पहिली ओळख अशी झाली तर किती फरक पडत असेल! हरवलेल्या वस्तूने जोडलेली माणसं. माझ्या बाबतीत तरी घंटीने जोडली होती.

संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्येच बीजिंग नियम मंजूर केलेत. गुन्ह्याच्या संशयावरून अल्पवयीन मुलाला ताब्यात घेतलं तर ताबडतोब पालकांना कळवा, आणि मुलांशी ज्यांचा वारंवार संबंध येतो त्या पोलिसांना वेगळं प्रशिक्षण द्या, असं त्यात लिहिलंय. संशयिताला एवढं, आणि माझा भाचा तर तक्रारदार होता!

हो, मान्य. पोलिसांच्या ड्यूटीला घड्याळ नसतं, माणसं अपुरी असतात. रात्री सायलेन्सर काढून गाड्या उडवणारी आणि अडवलं की तोंडावर मोबाईल धरणारी पोरं मीही पाहिलीत. बरं. पण दोघांपैकी वयाने, पगाराने, अधिकाराने मोठं कोण? मग आधी कुणी नीट बोलायचं?

आणि अरे-तुरे केलं म्हणून मी चिडलेले नाही. हवालदारकाकाही मला 'तू'च म्हणाले होते. 'तू'मध्ये मायाही मावते आणि लाथही मावते, पोरांना ते बरोबर कळतं.

इतकं लिहिल्यावर जरा शांत झालेय, तर एक गोष्ट राहिली. भाचा म्हणाला, तिथे एक नवा शिपाई होता, तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. साहेब आत गेल्यावर त्याने दोघांना पाणी दिलं आणि हळूच म्हणाला, "थांबा, सोडतील." तेवढ्यात आतून त्यालाच कुणीतरी ओरडलं, अगदी त्याच सुरात, "शहाणपणा करू नकोस." हे ऐकल्यापासून तो शिपाई डोळ्यासमोरून जात नाहीये. तोही पोरगाच की. त्याच्याशी रोज असं बोलत असतील, तर बाकावरच्या पोरांशी वेगळं बोलायला तो शिकणार तरी कुणाकडून? आणखी दहा वर्षांनी त्या टेबलामागे तोच बसलेला असेल.

भाचा म्हणतोय, "मावशी, राहू दे ना, फोन गेला तर गेला." मी ऐकणार नाहीये. उद्या सकाळी मी त्याच्यासोबत जाणार आहे, पण बोलणार तोच. मी फक्त शेजारी बसणार. मघाशी विचारत होता, सुरुवात कुठून करू म्हणून. मी म्हटलं, वहीचं पान आहे ना? नंबरापासून कर. मग कव्हरचा रंग सांग, काचेला कुठे तडा होता ते सांग. आणि समोरचा लिहितोय की नाही ते बघ. लिहीत नसेल तर थांब, आणि पुन्हा पहिल्यापासून सांग.