नऊशे जीबींचा हिशेब

आमच्या फोर्टमधल्या कचेरीचा सर्व्हर सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत असे. त्या सिस्टिमचे अपडेट ३० जून २०२४ रोजी कायमचे बंद झाल्यामुळे तिच्या जागी उबुंटू सर्व्हर २४.०४ बसवण्याचे काम, रविवारी कोणाचा खोळंबा होत नाही या सबबीखाली, माझ्या गळ्यात पडले. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असल्याने मी टॅक्सीने गेलो. माऊस नाही, चित्रे नाहीत, बाणांच्या कळा आणि एंटर एवढ्यावर काम भागले. सिस्टिमविषयी माझे मत उत्तम झाले. ते सोमवारी टॅक्सीचे व्हाउचर घेऊन हिशेबनीस काकांकडे जाईपर्यंत टिकले.

काकांनी नव्या डिस्कचे बिल काढले, तळहाताने सपाट केले आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्या लॅपटॉपमध्ये डोके घातले.

"बिल एक टीबीचे आहे. इथे अठ्ठ्याण्णव जीबी दिसतात. बाकीची डिस्क कोठे गेली?"

उबुंटूची तयार एलव्हीएम मांडणी (जिच्यात विभागांची जागा नंतरही बदलता येते) स्वीकारली, तर इन्स्टॉलर मोठ्या डिस्कवर रूट म्हणजे मुख्य विभागाला शंभरच जीबी देतो आणि उरलेली जागा पुढे हवी तशी वाटता यावी, स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदी, घेता यावेत म्हणून मोकळी ठेवतो, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले.

"म्हणजे पैसे सुपर बिल्ट-अपचे आणि कार्पेट एरिया शंभर! विरारला आमच्या मेहुण्याला बिल्डरने असेच गंडवले." मग मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खोली कशी मोजली गेली, हे मला उभ्याने ऐकावे लागले. "रेरा आल्यापासून कार्पेट एरिया लेखी द्यावा लागतो. तुमच्या उबुंटूने दिला होता का?"

दिला होता, डिस्कच्या मांडणीचा तक्ता इन्स्टॉलर आधी दाखवतोच. पण वाद नको म्हणून मी त्यांच्यासमोर एलव्हीएक्सटेंड आणि रिसाइझटूएफएस या जागा वाढवण्याच्या दोन आज्ञा दिल्या आणि सर्व्हर बंद न करता आकडा नऊशेच्या वर गेला.

काका शिपायाकडे वळून म्हणाले, "बघितलेस? विचारल्याबरोबर निघाले."

जुना सर्व्हर इतकी वर्षे रखडला नाही, याबद्दल याच गृहस्थांनी मला कधी कटिंगसुद्धा पाजलेला नाही. आणि आता त्यांना हजाराला जे कमी पडतात तेही हवे आहेत. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि सिस्टिम १०२४ च्या पटीत, त्यामुळे एक टीबीचे ९३१ जीबीच दिसतात व त्यातलेही काही फाइल सिस्टिमच्या व्यवस्थेत जातात, हे त्यांना मान्य नाही. व्हाउचरवर त्यांनी लाल शाईने 'फरकाचा लेखी खुलासा जोडावा' असा शेरा मारून ते मला परत दिले आहे.