सारा स्टोरी यांची पदके: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ब्रिटनच्या पॅरासायकलपटू सारा स्टोरी यांच्यावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. सायकल पायांनी चालते आणि त्यांचे पाय तर धडधाकट आहेत, मग अपंगत्व कसले, हा पहिला. आणि मोजक्या स्पर्धकांत मिळवलेल्या १९ पॅरालिम्पिक सुवर्णपदकांचे एवढे कौतुक कशासाठी, हा दुसरा.

आधी माझी चूक मान्य करतो. १९ हा आकडा मी सरसकट सायकलिंगच्या खात्यावर मांडला होता. त्यांपैकी ५ पदके जलतरणातील आहेत; पहिली दोन त्यांनी १९९२ साली बार्सिलोनात, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी मिळवली. २००५ मध्ये कानाच्या संसर्गामुळे पोहणे थांबले, तेव्हा त्या सायकलकडे वळल्या. २००८ च्या बीजिंगपासून २०२४ च्या पॅरिसपर्यंतची सायकलिंगची सुवर्णपदके १४ आहेत.

आता हाताविषयी. स्टोरी यांचा डावा हात जन्मतःच पूर्ण वाढलेला नाही, त्याला बोटे नाहीत. त्यांचा सी-५ हा गट सामान्य सायकल चालवणाऱ्या अपंग खेळाडूंमध्ये सर्वांत सौम्य अपंगत्वाचा, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु ट्रॅकवर थांबलेल्या स्थितीतून सुटताना सायकलपटू दोन्ही मुठींनी हँडलबार स्वतःकडे खेचतो आणि त्या ओढीच्या आधारावरच पायांचा पूर्ण जोर पेडलवर उतरतो. एका बाजूची पकड नसेल, तर ती ओढ एकांगी होते आणि सायकल सरळ ठेवण्यासाठी कंबर व पाठ यांना जास्तीचे काम करावे लागते. रस्त्यावरील शर्यतीत उतारावर, गर्दीत, ओल्या वळणावर ब्रेक आणि गिअर सांभाळणे हा आणखी वेगळा प्रश्न. सायकल पायांनी पळते, पण ती हातांनी आवरावी लागते.

स्पर्धक कमी असतात, हेही खरे. मात्र त्याचे कारण खेळाडूंच्या गुणवत्तेत नसून महागड्या सायकली आणि मोजके व्हेलोड्रोम (सायकल शर्यतींसाठी बांधलेले खास ट्रॅक) यांत आहे, असे मला वाटते. भारताचेच पाहा: पॅरालिम्पिकच्या सायकलिंगमध्ये आपले पहिले खेळाडू, अर्शद शेख आणि महाराष्ट्राच्या ज्योती गडेरिया, उतरले ते थेट २०२४ मध्ये. शिवाय ज्या पॅरिसमध्ये स्टोरी यांना सहज पदके मिळाली असे आपण म्हणता, तिथे १९ वर्षांच्या फ्रेंच हायदी गोगँने टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीत) त्यांना पाच सेकंदांहूनही कमी अंतरापर्यंत गाठले होते. स्टोरी तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या.

तरीही पदकसंख्या हे तोकडे मोजमाप आहे, या आपल्या मताशी मी सहमत आहे, म्हणूनच गटाबाहेरची मोजमापे पाहावीत. बीजिंगमधील त्यांची परस्यूटची (ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी सुटून एकमेकींचा पाठलाग करण्याच्या शर्यतीची) वेळ त्याच वर्षीच्या ऑलिम्पिकमध्ये पहिल्या आठांत बसली असती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्या इंग्लंडकडून सर्वसाधारण, म्हणजे अपंगत्व नसलेल्या खेळाडूंच्या, गटात शर्यतीला उभ्या राहिल्या. डिसेंबर २०११ मध्ये कोलंबियातील काली येथे विश्वचषक जिंकणाऱ्या ब्रिटनच्या सांघिक परस्यूट संघात त्या होत्या, आणि त्यानंतर लंडन ऑलिम्पिकच्या संघातून त्यांना वगळण्यात आले.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लंडनच्या व्हेलोड्रोममध्ये त्यांनी महिलांच्या तासाच्या विक्रमाचा (एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा) प्रयत्न केला, सर्वसाधारण गटाच्या विक्रमाचा. नेदरलँड्सच्या लिओंतिन व्हान मोरसेल यांनी २००३ मध्ये मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत ४६.०६५ किलोमीटर अंतर कापले होते, स्टोरी ४५.५०२ किलोमीटरांवर थांबल्या. नियम बदलल्यामुळे स्टोरी यांना आधुनिक सायकल मिळाली होती, व्हान मोरसेल यांना ती नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. माझ्या लेखात मी केवळ जिंकलेल्या शर्यती मोजल्या आणि इथे कमी पडलेले हे ५६३ मीटर गाळले. ते आता मूळ लेखात घातले आहेत, पदकांच्या आकड्याच्या दुरुस्तीसह.